अशनींतील अनोळखी राजवायू : उगमनिश्चितीची एक रीत

भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला जे काम नित्य करावे लागते, त्याच्याशी जवळचे नाते सांगणारे एक काम गेली साठाहून अधिक वर्षे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र ह्यांच्या सीमेवर चालू आहे. आकाशातून पडलेल्या दगडांत, म्हणजे अशनींत, काही वायू अत्यल्प प्रमाणात अडकून राहिलेले असतात. त्यांतील काहींची घडण पृथ्वीवरील किंवा सूर्यावरील त्याच वायूंच्या घडणीशी जुळत नाही. ही विसंगती कोठून आली, ह्या प्रश्नाचा माग काढता काढता संशोधक अखेर सूर्याच्या जन्मापूर्वीच लयास गेलेल्या ताऱ्यांपर्यंत पोहोचले. प्रस्तुत लेखात त्या शोधाची हकीकत सांगावयाची आहे. परंतु भर हकीकतीपेक्षा रीतीवर द्यावयाचा आहे. दोन वस्तूंत फरक दिसला म्हणजे प्रथम तो एखाद्या ज्ञात नियमाने उलगडतो काय, हे पाहावे लागते. नियमाने उलगडत नाही असा शेष उरला, तरच परका स्रोत मानता येतो. आणि परका स्रोत मानला, तरी त्याचा वाहक प्रत्यक्ष हाती लागेपर्यंत ते अनुमानच राहते. ह्या तीन पायऱ्या ओलांडावयास ह्या शास्त्राला सुमारे पंचवीस वर्षे लागली.

१. जामखेडचा दगड

विषयाला आपल्या परिसरातूनच आरंभ करता येतो. बीड जिल्ह्यातील आष्टी व पाटोदा ह्या तालुक्यांना लागून जामखेड तालुका आहे. ५ ऑक्टोबर १८६६ रोजी जामखेड येथे एक अशनी पडला. त्या काळी बीड निजामाच्या राज्यात होते व जामखेड इंग्रजी अमलाखालच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात होते. जगातील अशनींच्या सूचीत ह्या दगडाची नोंद आजही आहे. मात्र ती ‘जामखेर’ ह्या नावाने आहे.

हे नाव वाचून जामखेर नावाचे दुसरे एखादे गाव शोधावयास कोणी निघणार नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘ड’ उच्चारताना जीभ मागे वळून झटक्याने खाली येते. इंग्रजी कानाला तो ध्वनी ‘र’सारखा भासतो, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत तो तसा लिहिलेला वारंवार आढळतो. तेव्हा ‘खेड’ व ‘खेर’ ह्यांतील फरक नियमाने उलगडतो. तो फरक खरा आहे, पण त्यासाठी दुसरा उगम मानण्याचे कारण नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी.

आता ‘भात’ व ‘भक्त’ ही जोडी पाहावी. संस्कृतातील ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ व मराठीत ‘सात’ झाले. त्याच नियमाने शिजविलेल्या अन्नाचा वाचक जो ‘भक्त’ शब्द, त्याचे ‘भत्त’ व पुढे ‘भात’ झाले. परंतु देवाची भक्ती करणाऱ्यास आपण ‘भात’ म्हणत नाही, ‘भक्त’च म्हणतो. येथे जोडाक्षर जसेच्या तसे राहिले आहे. परंपरेने उतरलेल्या शब्दांचा नियम ह्या रूपाला लागू पडत नाही. म्हणून हा शब्द त्या वाटेने आलेला नसून नंतर संस्कृतातून थेट उचललेला आहे, असा निष्कर्ष आपण काढतो. पहिल्या उदाहरणात फरक नियमात विरघळून गेला. दुसऱ्यात शेष उरला. अशनींतील वायूंच्या बाबतीत हाच भेद निर्णायक ठरला.

२. राजवायूच साक्षीदार का?

हेलियम, निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन व झेनॉन ह्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांत राजवायू असे नाव आहे. हे वायू सामान्यतः इतर कोणत्याही मूलद्रव्याशी संयोग पावत नाहीत. त्यामुळे खडक घडताना ते खनिजांच्या रचनेत सामील होत नाहीत आणि बहुतांशी निसटून जातात. अशनीत ऑक्सिजन, सिलिकॉन किंवा लोह विपुल असते. त्यात बाहेरून एखादा अंश येऊन मिसळला, तर तो समुद्रात पडलेल्या थेंबासारखा दिसेनासा होतो. राजवायूंचे तसे नाही. त्यांचा मूळ साठाच इतका अल्प असतो, की परक्या स्रोतातून आलेले मोजके अणूही उठून दिसतात. दारिद्र्य हीच त्यांची साक्षीदार म्हणून योग्यता होय.

दुसरी गोष्ट त्यांच्या समस्थानिकांची. एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्या वजनाचे नसतात. केंद्रकातील न्यूट्रॉनांच्या संख्येनुसार त्यांचे वेगवेगळे प्रकार होतात, त्यांस समस्थानिक म्हणतात. निऑनचे स्थिर समस्थानिक तीन आहेत : निऑन-२०, निऑन-२१ व निऑन-२२. झेनॉनचे स्थिर मानले जाणारे नऊ आहेत. त्यांचे वस्तुमानांक १२४, १२६, १२८, १२९, १३०, १३१, १३२, १३४ व १३६ असे आहेत. पृथ्वीच्या वातावरणातील निऑनमध्ये निऑन-२० व निऑन-२२ ह्यांचे गुणोत्तर सुमारे ९.८ आहे, सूर्यापासून वाहणाऱ्या सौरवातात ते सुमारे १३.८ भरते. समस्थानिकांची रासायनिक वर्तणूक जवळजवळ सारखी असल्यामुळे सामान्य रासायनिक क्रियांनी ही गुणोत्तरे फारशी बदलत नाहीत. ज्या केंद्रकीय क्रियेतून अणू जन्माला आले, तिची खूण त्यांत राहते.

ही गुणोत्तरे मोजण्यासाठी दगडाचा लहानसा तुकडा निर्वात नळीत पायरीपायरीने तापवितात. प्रत्येक तापमानाला सुटणारा वायू शुद्ध करून वस्तुमान-वर्णपटमापकात सोडतात. तेथे विद्युत्भारित अणू चुंबकीय क्षेत्रातून जाताना आपल्या वजनाप्रमाणे कमी-अधिक वळतात व त्यांची वर्गवारी होते. दगड एकदम न तापविता टप्प्याटप्प्याने तापविण्याचे कारण असे, की वेगवेगळ्या कणांत अडकलेले वायू वेगवेगळ्या तापमानाला बाहेर पडतात. एकत्र मिसळलेल्या साक्षी त्यामुळे काही अंशी सुट्या होतात.

३. नियमाने उलगडणारे फरक

अशनींतील राजवायू मोजू लागताच फरक सर्वत्र दिसू लागले. परंतु त्यांपैकी बहुतेक ज्ञात कारणांनी उलगडणारे होते. ही कारणे चार आहेत.

पहिले कारण वस्तुमानाचे. हलके अणू जड अणूंपेक्षा सहज निसटतात. म्हणून उरलेल्या वायूत जड समस्थानिकांचे प्रमाण थोडे वाढते. ह्या बदलाला एक शिस्त असते. निऑनमध्ये दोन एककांच्या अंतरावरील २० व २२ ह्यांच्या गुणोत्तरात जेवढा टक्का फरक पडेल, त्याच्या सुमारे निम्मा फरक २१ व २२ ह्यांच्या गुणोत्तरात पडला पाहिजे. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमासारखाच हा नियम अपवाद सहजी मानीत नाही, म्हणूनच तो कसोटी म्हणून उपयोगी पडतो.

दुसरे कारण किरणोत्सर्गाचे. पोटॅशियम-४० पासून आरगॉन-४० तयार होतो. युरेनियम व थोरियम ह्यांच्या ऱ्हासातून हेलियम-४ साठत जातो. १९६० मध्ये बर्कली येथील जॉन रेनॉल्ड्झ ह्यांना रिचर्डटन नावाच्या अशनीत झेनॉन-१२९ चे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक आढळले. त्याचा उगम आयोडीन-१२९ मध्ये होता. आयोडीनच्या ह्या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे १ कोटी ६० लाख वर्षे आहे. सूर्यमालेच्या ४५७ कोटी वर्षांच्या तुलनेत ते इतके अल्प आहे, की आरंभीचा त्याचा साठा केव्हाच संपला. तरी तो दगडात असताना जिवंत होता, हे त्याच्या अपत्याने सांगितले. मूळ शब्द लोपला, पण त्याच्यापासून साधलेला शब्द भाषेत राहिला, अशीच ही स्थिती होय.

तिसरे कारण विश्वकिरणांचे. अशनी अवकाशात फिरत असताना अतिवेगवान कण त्यावर आदळतात व मॅग्नेशियम, सिलिकॉन इत्यादींची केंद्रके फोडतात. ह्या फुटीतून निऑनचे तिन्ही समस्थानिक जवळजवळ सारख्या प्रमाणात निर्माण होतात. एरवी निऑन-२१ अगदी दुर्मिळ असल्यामुळे त्याची वाढ चटकन लक्षात येते व तिच्यावरून दगड किती काळ उघड्या अवकाशात होता, हे काढता येते.

चौथे कारण सौरवाताचे. काही अशनींत सूर्याच्या घडणीचे वायू विपुल आढळतात. हे वायू कणांत कसे शिरले, ह्या प्रश्नाच्या उत्तरात मुंबईचा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील देवेंद्र लाल व आर. एस. राजन ह्यांनी १९६९ मध्ये अशा वायुसमृद्ध अशनींतील एकेका स्फटिकाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्युत्भारित कण स्फटिकात घुसताना जे सूक्ष्म मार्ग कोरतात, ते काही स्फटिकांच्या कडेला दाट व आत विरळ होते. ह्याचा अर्थ, दगड एकत्र घट्ट होण्यापूर्वी ते कण सुटेपणी सूर्यासमोर उघडे पडलेले होते. त्याच वर्षी फ्रान्समधील संशोधकांनीही असेच निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे संचालक झाले, आणि अशनींतील राजवायूंच्या मापनाची भारतीय परंपरा मुख्यतः तेथे वाढली.

ह्या चार कारणांनी घडलेले वायू एकाच दगडात मिसळलेले असतात. मिश्रणाची कल्पना बीड जिल्ह्याला नवी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहून ठेवला आहे. पंचीकरणाच्या सिद्धान्तात प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्या भूताचा स्वतःचा व उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक-अष्टमांश असतो. तेथे प्रमाण आधी ठरलेले आहे व त्यावरून मिश्रण समजावयाचे आहे. अशनींच्या अभ्यासात वाट उलटी आहे : मिश्रण मोजलेले असते आणि त्यावरून घटक व त्यांची प्रमाणे शोधावयाची असतात. निऑनची दोन गुणोत्तरे आलेखावर मांडली, तर दोन स्रोतांच्या मिश्रणाचे सर्व बिंदू एका सरळ रेषेवर येतात व तीन स्रोतांच्या मिश्रणाचे बिंदू एका त्रिकोणात मावतात. एखादा बिंदू त्रिकोणाबाहेर पडला, म्हणजे आणखी एक स्रोत आहे असे मानणे भाग पडते.

४. उरलेला शेष

असे बिंदू मिळाले. १९६९ मध्ये ब्लॅक व पेपिन ह्यांनी कार्बनयुक्त अशनी पायरीपायरीने तापविले, तेव्हा काही तापमानांना सुटणाऱ्या निऑनमध्ये २० व २२ ह्यांचे गुणोत्तर ४ च्याही खाली गेले. वातावरण, सौरवात व विश्वकिरण ह्या तिघांच्या कोणत्याही मिश्रणातून, निऑन-२१ ची वाढ न होता, हे गुणोत्तर निघत नाही. वस्तुमानाच्या नियमाने ते साधावयाचे म्हटले, तर मूळ वायूचा अतर्क्य मोठा भाग निसटून गेला असे मानावे लागते. ह्या अनोळखी घटकाला ‘निऑन-ई’ असे नाव मिळाले. तो जवळजवळ शुद्ध निऑन-२२ असावा, असे पुढे दिसून आले.

झेनॉनची विसंगती त्याआधीची. १९६४ मध्ये रेनॉल्ड्झ व टर्नर ह्यांना १८२४ साली इटलीत पडलेल्या रेनाझ्झो अशनीत झेनॉनचे जड समस्थानिक अधिक आढळले. जड केंद्रकांच्या विभाजनातून जड झेनॉन तयार होतो, हे ठाऊक असल्यामुळे हा झेनॉनही कोणत्या तरी विभाजनाचाच असावा, असा तर्क पुढे आला. परंतु युरेनियम किंवा प्लुटोनियम ह्यांच्या विभाजनातून निघणारी प्रमाणे जुळेनात. तेव्हा आज अस्तित्वात नसलेले एखादे अतिजड मूलद्रव्य त्याचा जनक असावे, असे मत काही वर्षे गांभीर्याने मांडले गेले.

ह्या मताला अडचण होती ती हलक्या समस्थानिकांची. जेथे झेनॉन-१३४ व १३६ अधिक, तेथे झेनॉन-१२४ व १२६ हेही अधिक आढळत. विभाजनातून न्यूट्रॉनसमृद्ध अशी जड केंद्रकेच निघतात. १२४ व १२६ त्या वाटेने येऊ शकत नाहीत. १९७२ मध्ये मॅन्युएल, हेनेके व साबू ह्यांनी ह्या जोडीकडे लक्ष वेधले व तिचा उगम ताऱ्याच्या स्फोटात असावा, असे सुचविले. दोन विशेष सर्वत्र जोडीने येतात, एकाविना दुसरा आढळत नाही, तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र योगायोग मानण्यापेक्षा एकाच वाटेने आलेले मानणे अधिक सयुक्तिक असते. भाषिक उसनवारीचे स्तर ठरविताना आपणही हेच तत्त्व वापरतो. जड व हलके असे दोन्ही टोकांचे समस्थानिक ज्यात अधिक आहेत, त्या घटकाला पुढे ‘झेनॉन-एचएल’ असे म्हणू लागले.

ह्या वादात पणाला लागले होते ते एक मोठे गृहीत. सूर्यमाला ज्या द्रव्यातून घडली, ते आरंभी अतितप्त वायुरूप होते व पूर्णपणे एकजीव झाले होते, अशी समजूत तेव्हा सर्वसाधारणपणे प्रचलित होती. ती खरी असेल, तर पूर्वीच्या ताऱ्यांची वेगळी खूण कोणत्याही दगडात उरणे शक्य नव्हते. म्हणजे एका बाजूस मूठभर अणूंची साक्ष व दुसऱ्या बाजूस सूर्यमालेच्या जन्माविषयीचे रूढ मत, असा हा सामना होता.

५. वाहकाचा शोध

अनुमान कितीही बळकट झाले, तरी वाहक सापडल्याशिवाय वाद मिटत नाही. ह्या कामात शिकागो येथील एडवर्ड अँडर्स ह्यांच्या गटाने पुढाकार घेतला. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत अयेंदे हा अशनी पडला होता. लुइस, श्रीनिवासन व अँडर्स ह्यांनी १९७५ मध्ये त्याचा तुकडा हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक अम्लांत विरघळविला. दगडाचा जवळजवळ सर्व भाग नाहीसा झाला. अर्ध्या टक्क्याच्या आसपास काळा गाळ उरला, आणि अडकलेल्या झेनॉनपैकी बहुतेक त्या गाळातच होता. तो गाळ पुढे नायट्रिक अम्लात घातला, तेव्हा त्याचे वजन थोडेसेच घटले, परंतु सामान्य घडणीचा बहुतेक वायू निघून गेला. ह्या अम्लाला बळी पडणाऱ्या वाहकाला ‘क्यू’ असे नाव दिले गेले. मागे उरलेल्या गाळात मात्र विसंगत झेनॉन ठळकपणे दिसू लागला. गवताच्या गंजीत सुई शोधावयाची, तर गंजच जाळून टाकावी, असा हा मार्ग होता.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीवर हेच प्रयोग झाले. १९७८ मध्ये श्रीनिवासन व अँडर्स ह्यांना त्यात झेनॉनचा आणखी एक घटक मिळाला. त्यात १२८, १३० व १३२ हे मधले समस्थानिक अधिक होते. म्हणजे झेनॉन-एचएलच्या नेमकी उलट त्याची घडण होती.

ह्या सुमारास शोधाची दिशा पक्की झाली होती. पण गाळातील कण नेमके कशाचे आहेत, हे कळावयास आणखी जवळजवळ दहा वर्षे गेली. १९८७ मध्ये दोन वाहक ओळखले गेले. झेनॉन-एचएल ज्यात होता, ते कण अतिसूक्ष्म हिऱ्यांचे निघाले. त्यांचा व्यास २ ते ३ नॅनोमीटर, म्हणजे एका कणात कार्बनचे काही हजार अणूच मावावेत इतका लहान असतो. आणि अशा सुमारे दहा लाख कणांमागे झेनॉनचा एखादाच अणू असतो. मधल्या समस्थानिकांचा झेनॉन ज्यात होता, ते कण सिलिकॉन कार्बाइडचे निघाले. निऑन-ईचेही दोन प्रकार दिसून आले : उच्च तापमानाला सुटणारा सिलिकॉन कार्बाइडमध्ये होता, तर कमी तापमानाला सुटणारा ग्राफाइटच्या गोल कणांत होता. हे ग्राफाइटचे कण अमारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वेगळे काढून दाखविले.

वाहक हाती येताच पुराव्याचे स्वरूप पालटले. सिलिकॉन कार्बाइडच्या एकेका कणातील कार्बन, नायट्रोजन व सिलिकॉन ह्यांची समस्थानिक गुणोत्तरे मोजता येऊ लागली, आणि तीही सूर्यमालेतील प्रमाणांहून कित्येक पटींनी भिन्न भरली. राजवायूंनी जे सुचविले होते, त्याला आता त्याच कणांतील इतर मूलद्रव्यांनी दुजोरा दिला. संपूर्ण एकजीवपणाचे गृहीत मागे पडले.

६. ताऱ्यांतील उगम

हे समस्थानिक कोठे व कसे घडले, ह्याचे उत्तर मुख्यतः १९५७ साली मांडल्या गेलेल्या उपपत्तीत मिळते. त्या वर्षी मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फौलर व फ्रेड हॉइल ह्यांनी, तसेच स्वतंत्रपणे कॅमेरॉन ह्यांनी, मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी घडतात ह्याचे विवेचन केले. डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून हॉइल मराठी वाचकांस परिचित आहेत. लोहाहून जड मूलद्रव्ये प्रामुख्याने न्यूट्रॉन पकडून घडतात. हे काम सावकाश चालले, तर एक न्यूट्रॉन पकडल्यावर अस्थिर केंद्रकाला ऱ्हास पावून स्थिर होण्यास वेळ मिळतो. ते अतिवेगाने चालले, तर तो वेळ मिळत नाही व न्यूट्रॉनसमृद्ध जड समस्थानिक निर्माण होतात.

सावकाश क्रिया वृद्धावस्थेतील तांबड्या राक्षसी ताऱ्यांत चालते. झेनॉन-१२८ व १३० हे वेगवान क्रियेच्या वाटेवर इतर स्थिर केंद्रकांच्या आड येतात, म्हणून ते तिच्यातून निर्माण होत नाहीत. सिलिकॉन कार्बाइडमध्ये तेच अधिक असल्यामुळे तो झेनॉन सावकाश क्रियेचा, आणि ते कण अशा कार्बनसमृद्ध ताऱ्यांच्या बाहेर फेकल्या गेलेल्या वायूत गोठलेले, हे ठरले. त्याच ताऱ्यांच्या हेलियमच्या थरात नायट्रोजन-१४ चे केंद्रक हेलियमची दोन केंद्रके पकडून, मध्ये ऑक्सिजन-१८ च्या पायरीवरून, निऑन-२२ होते. तेव्हा सिलिकॉन कार्बाइडमधील निऑन-ई व मधल्या समस्थानिकांचा झेनॉन ह्यांचा उगम एकच ठरतो.

ग्राफाइटमधील निऑन-२२ ची कथा वेगळी आहे. तो बहुतांशी सोडियम-२२ च्या ऱ्हासातून आला आहे. निऑन संयोग पावत नाही, पण सोडियम कणात सामील होऊ शकतो. पुढे त्याचे निऑनमध्ये रूपांतर होऊन तो तेथेच कोंडला जातो. सोडियम-२२ चे अर्धायुष्य केवळ २.६ वर्षे आहे. म्हणजे ताऱ्याच्या स्फोटात हा सोडियम निर्माण झाल्यावर थोड्याच वर्षांत तो कणात बद्ध झाला असला पाहिजे. कोट्यवधी वर्षांच्या ह्या इतिहासात इतक्या अल्प कालावधीची नोंद मिळावी, ही खरोखर लक्षणीय गोष्ट आहे.

झेनॉन-एचएलचा संबंध अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटाशी जोडला जातो. जड समस्थानिक न्यूट्रॉनांच्या जलद माऱ्यातून व हलके समस्थानिक दुसऱ्या एका क्रियेतून येतात. दोन्ही क्रिया अशा स्फोटात संभवतात. मात्र त्या दोहोंचे फलित एकाच प्रमाणात कसे मिसळले, ह्याविषयी आजही मतभेद आहेत. तसेच त्या सूक्ष्म हिऱ्यांपैकी किती खरोखर ताऱ्यांतून आले व किती सूर्यमालेतच घडले, हाही प्रश्न खुला आहे. कारण त्यांच्यातील कार्बनची सरासरी घडण सूर्यमालेपेक्षा फारशी वेगळी नाही.

कणांच्या वयाचाही अंदाज आता येऊ लागला आहे. सूर्यमालेत येण्यापूर्वी हे कण ताऱ्यांमधील अवकाशात हिंडत असताना विश्वकिरणांनी त्यांतही निऑन-२१ निर्माण केला. फिलिप हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मर्चिसनमधील सिलिकॉन कार्बाइडच्या ४० कणांचे ह्या रीतीने मापन प्रसिद्ध केले. बहुतेक कण सूर्याच्या जन्माआधीच्या ३० कोटी वर्षांतील निघाले; काही मात्र त्याहून खूपच जुने, सुमारे ७०० कोटी वर्षांपूर्वीचे, असल्याचा अंदाज निघाला. मापनातील अनिश्चितता मोठी आहे, तरी मनुष्याच्या हाती आलेल्या घन पदार्थांत ह्यांहून जुने काही आजवर ज्ञात नाही.

७. जामखेड, सेमरकोना, मुकुंदपुरा

मग जामखेडच्या दगडात असे कण मिळतील काय? ती आशा फारशी नाही. अशनींच्या वर्गीकरणात त्याचा वर्ग ‘एच ६’ असा आहे. ‘एच’ म्हणजे लोहाचे प्रमाण अधिक, आणि ‘६’ म्हणजे मूळ लघुग्रहाच्या पोटात तो दीर्घकाळ, सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्याही वर, तापत राहिलेला. त्या उष्णतेने खनिजांचे पुन्हा स्फटिकीभवन झाले, आतल्या मूळच्या गोलिका पुसट झाल्या व ताऱ्यांचे सूक्ष्म कण नाश पावले. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे पडलेला अशनीही असाच तापलेल्या वर्गातला, ‘एल ६’ होता. असे दगड निरुपयोगी नव्हेत. विश्वकिरणजन्य निऑनवरून त्यांच्या प्रवासाचा काळ कळतो. परंतु आरंभीची साक्ष त्यांतून पुसली गेली आहे. अनेकदा नकलून काढलेल्या पोथीत मूळची जुनी रूपे जशी उरत नाहीत, तसाच हा प्रकार.

न तापलेले, म्हणजे आद्य स्वरूपाचे अशनी दुर्मिळ आहेत. पण भारत त्याबाबत भाग्यवान आहे. २६ ऑक्टोबर १९४० रोजी आजच्या राजस्थानात पडलेला सेमरकोना हा सामान्य वर्गाच्या अशनींतील सर्वांत कमी तापलेला नमुना म्हणून जगभर प्रमाण मानला जातो. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ पडलेला मुकुंदपुरा हा मर्चिसनच्याच वर्गातील कार्बनयुक्त अशनी आहे. अशा दगडांचे मोल त्यांच्या आकारात नसून त्यांच्या अस्पर्शितपणात आहे.

८. समारोप

दोन शास्त्रांतील हे साम्य रीतीपुरतेच आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अणूंचे नियम सर्वत्र व सर्वकाळ सारखे असतात. ध्वनिनियम मात्र विशिष्ट समाजाचे व विशिष्ट काळाचे असतात. शिवाय त्या संशोधकांना दगड विरघळवून वाहक हाती घेता आला. आपल्याला लोपलेल्या बोलीचा वक्ता तसा हाती घेता येत नाही. तथापि विसंगती दिसताच परक्या उगमाकडे धाव घ्यावयाची नाही, प्रथम नियम पुरता तपासून पाहावयाचा, आणि नियमाने न उलगडणारा शेष, तो कितीही अल्प असला तरी, दुर्लक्षावयाचा नाही, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच आवश्यक आहे. व्युत्पत्तीच्या नावाखाली आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यातील बराच भाग ह्या पहिल्याच कसोटीवर टिकत नाही.

ह्या विषयात आपल्या विभागाला करण्यासारखे थोडे कामही आहे. मराठवाड्याची भूमी काळ्या बेसाल्टची. त्यात पडलेला काळा दगड सहज ओळखू येत नाही; लोहचुंबकाची कसोटीही पुरत नाही, कारण बेसाल्टसुद्धा चुंबकाला थोडाफार ओढतो. वितळून झालेली पातळ काळी साल, आकाराच्या मानाने जाणवणारे वजन आणि फुटलेल्या बाजूस चमकणारे धातूचे बारीक ठिपके ह्या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर दगड धुऊ नये, त्याला तेल-शेंदूर लावू नये, तापवू नये. कोरड्या स्वच्छ आवरणात ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. पाऊस व हवा लागत गेली, की वातावरणातील वायू त्यात शिरतात व जुनी साक्ष झाकली जाते.

दुसरे काम आपल्याच विद्येचे आहे. अशनी पडल्याच्या जुन्या हकीकती गावोगावच्या दफ्तरांत, मोडी कागदांत व वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत असण्याचा संभव आहे. आणि सूचीतील जुन्या नोंदींत गावांची नावे इंग्रजी कानांनी ऐकलेली आहेत. ‘जामखेर’चे जामखेड झाले, कारण तो नियम आपल्याला ठाऊक होता. मोडी वाचता येणाऱ्या व ध्वनिविचार शिकलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील अशा नोंदी एकत्र करून गावे निश्चित केली, तर भूवैज्ञानिकांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.